मोरचुदाचं पाणी आणि विळ्याचं पातं



वणीच्या आसपास वाढलेल्याला मोरचुदाची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. द्राक्षावर डाऊनी ही बुरशी येईल या धास्तीनं मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण कालवायचं, आणि फवारणीआधी त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस पुट चढलं, तर चुना कमी पडला. माझे वडील ही परीक्षा घ्यायचे आणि विळा माझ्या हातात असायचा. पुढे त्याच तांबूस पुटानं माझं संशोधन वर्षभर अडवून ठेवलं. आज तेवढंच सांगणार आहे.

त्या संशोधनाची गोष्ट इथून सुरू होते. 1988 साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबेर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, लोखंड आणि क्रोमिअमचे अतिशय पातळ थर एकावर एक रचले. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावताच थरांचा विद्युतरोध घटला. फेर यांच्या नमुन्यात, उणे 269 अंशांना, तो निम्म्याजवळ आला. याला जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स म्हणतात.

असं का होतं? आमच्या वणीजवळच्या गडावरच्या यात्रेत एकामागे एक दोन फाटकं आहेत असं समजा. प्रत्येक फाटकावरचा माणूस आपल्या गावच्यांना पटकन सोडतो, बाकीच्यांना अडवतो. दोन्ही पहारेकरी एकाच गावचे असले, तर निदान त्या गावची मंडळी सरळ वर जातात. वेगवेगळ्या गावचे असले, तर प्रत्येकजण कुठल्यातरी फाटकावर अडकतोच. इलेक्ट्रॉनांचीही अशी दोन गावं असतात, त्याला स्पिन म्हणायचं. चुंबकीय थर ही फाटकं, आणि बाहेरचं क्षेत्र दोन्हींवर एकाच गावचा माणूस बसवतं. 1997 मध्ये आयबीएमनं या तत्त्वावर वाचणारी 16.8 गिगाबाइटची हार्ड डिस्क आणली. 2007 चं नोबेल फेर आणि ग्र्युनबेर्ग यांना मिळालं.

हे थर निर्वात यंत्रात होतात, आणि ती यंत्रं महाग. मात्र 1993 साली ब्रिस्टलच्या गटानं कोबाल्ट-निकेल-तांबे आणि तांबे यांचे थर विद्युत विलेपनानं वाढवले आणि खोलीच्या तापमानालाच 15 टक्क्यांहून जास्त बदल दाखवला. दागिन्यावर मुलामा चढवतात, तीच ही जात. आपल्याकडेही ही वाट अनोळखी नव्हती. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले लोखंडे आणि पवार यांनी अशा विलेपनानं होणाऱ्या अर्धवाहक पटलांचा आढावा 1989 मध्येच प्रसिद्ध केला होता.

विलेपनानं एकाआड एक थर चढवण्याची युक्ती साधी दिसते. एकाच भांड्यात कोबाल्टचं भरपूर मीठ आणि त्याच्या शंभराव्या भागाइतकं मोरचूद. विभव (व्होल्टेज) थोडं ऋण ठेवलं की फक्त तांबं बसतं. ते बरंच ऋण केलं की कोबाल्ट धावून येतो आणि तांबं मोजकंच असल्यानं मागे पडतं. विभव खालीवर करत राहायचं, थरावर थर चढतो. 1994 मध्ये बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या गटांनी हेच प्लास्टिकच्या पटलातल्या सूक्ष्म छिद्रांत केलं. जड आयनांचा मारा करून आणि मग रसायनानं कोरून पाडलेली ही छिद्रं. त्यांत थरांच्या तारा उगवतात. सपाट पटलात आडव्या प्रवाहाला थर ओलांडावेच लागतात असं नाही, आणि उभा प्रवाह सोडला तर रोध इतका कमी भरतो की मोजणं जिकिरीचं. तार लांब आणि अतिबारीक, म्हणून तिथे इलेक्ट्रॉनला प्रत्येक फाटक ओलांडावंच लागतं आणि रोधही नीट मोजता येतो. मला ही कल्पना अजूनही विलक्षण सुंदर वाटते.

पण स्वस्तात तेच मिळतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विलेपनाच्या थरांतला परिणाम सहसा निर्वातातल्या थरांपेक्षा कमीच भरतो, आणि हार्ड डिस्कमध्ये ते गेले नाहीत. मीही विलेपनानं असेच थर करत होतो, आणि माझे पहिले नमुने तर चुंबकाला दादच देत नव्हते. मी रसायनं बदलली, भांडी बदलली, मोजणीच्या तारा बदलल्या. वर्ष गेलं.

दोष विळ्याचा होता. तांब्याची पाळी सुरू झाली की नुकताच बसलेला कोबाल्ट मोरचुदाच्या पाण्यात परत विरघळायचा आणि त्याच्या जागी तांबं बसायचं. पात्यावर घडतं तेच, फक्त लोखंडाऐवजी कोबाल्ट. फाटकंच खचत होती. विभव बदलताक्षणी प्रवाह उलट्या दिशेनं उसळी घेतो का, हे पाहिलं की ही चोरी पकडता येते. उसळी दिसली तर तांब्याच्या पाळीचं विभव आणखी ऋण करायचं. फार ऋण केलं तर तांब्यातच कोबाल्ट शिरतो. मधली जागा अरुंद आहे. उसळीचा तो आलेख पहिल्या दिवसापासून माझ्या वहीत होता. यंत्राचा गोंधळ समजून मी तो भाग कापून टाकत असे.

उलगडा झाला त्या रात्री घरी फोन केला. कोबाल्ट, विभव, फाटकं, सगळं वडिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी पातं तांबडं होत व्हतं ना? मंग वर्षभर काय बघत बसला व्हतास?"