ऐकणारा मेंदू



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बधिरत्वाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. मूल बोलेनासे झाले की वडीलधारी मंडळी म्हणतात, "त्याचा काकाही चौथ्या वर्षी बोलला, घाई कसली?" या प्रेमळ धीरात केवढा धोका दडलेला असतो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

कान ध्वनी टिपतो. त्यास अर्थ देतो तो मेंदू. अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्या निकामी झाल्या तरी मेंदूतील श्रवणकेंद्र ओस पडत नाही. पडीक रानात शेजाऱ्याने नांगर घालावा, त्याप्रमाणे दृष्टी आणि स्पर्श त्याचा काही भाग आपल्या कामास लावतात. मेंदूचे हे चातुर्यच होय. परंतु एकदा बसलेली वहिवाट पुढे मोडणे कठीण जाते.

१९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो व एरीज यांनी विद्युत्प्रेरणेने बधिर माणसास ध्वनीची जाणीव करून दिली. १९७८ साली मेलबर्न येथे ग्रॅहम क्लार्क यांनी अनेक विद्युत्-अग्रांचे यंत्र अंतर्कर्णात बसविले. भारतात हे शस्त्रकर्म रुजविणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रणी असून २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कॉक्लियर इम्प्लांटमध्ये हजारो पेशींचे काम साधारणतः १२ ते २२ अग्रांवर येऊन पडते. साहजिकच आरंभीचा ध्वनी ओबडधोबड असतो. भाषा आल्यानंतर बहिरा झालेला प्रौढ जुन्या स्मृतींशी तो ताडून पाहतो आणि बहुधा काही महिन्यांत शब्द ओळखू लागतो. जन्मबधिर बालकापाशी ही शिदोरी नसते. अनू शर्मा व सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले की, साडेतीन वर्षांच्या आत रोपण झालेल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद पुढे वयास साजेसा होतो. सात वर्षांनंतर तसे क्वचितच घडते.

म्हणून मऊरानीपुरच्या मातांना आमची विनंती आहे. जलविहाराच्या मेळ्यातील ढोलाकडे बाळ वळले, एवढ्यावर निश्चिंत राहू नका. तो हादरा अंगालाही जाणवतो. तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी ते झोपेत असतानाही होऊ शकते. शंका येताच झांशी गाठावी. तेथे १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. जन्मबधिर बालकांच्या रोपणासाठी केंद्र सरकारची 'एडिप' योजना साहाय्य देते; परंतु तिची मर्यादा पाच वर्षांची आहे. मुंबईची अली यावर जंग संस्था त्या कामाची सूत्रे सांभाळते.

शस्त्रकर्मानंतर खरी साधना सुरू होते. घरात मराठी असो वा बुंदेली, आईला जी सहज येते त्या भाषेत तिने बाळाशी अखंड बोलावे. खुणांनाही मज्जाव करू नये. मेंदूला भाषेची भूक असते, आणि ती लवकर भागली पाहिजे.

मंडळाने पन्नास वर्षे आपली बोली या परमुलखात जपली. ती एखाद्या बालकापर्यंत केवळ आपल्या दिरंगाईमुळे पोहोचू नये, असे होऊ देऊ नका, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.