पावसाळ्यातली धावपट्टी



आज एका छपराविषयी बोलायचे आहे. विद्यापीठाच्या आवारात धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या आणि गोळा फेकणाऱ्या मुलामुलींना सराव करता यावा, म्हणून बांधायच्या छपराविषयी. ‘ज्या जिल्ह्यात कुपोषणाची चर्चा अजून संपत नाही, तिथे हे काय नवीन?’ असे कुणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर देण्याआधी आपल्याकडचे वर्ष कसे जाते ते पाहू.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, आणि त्यात शंभरातले एकोणसत्तर आदिवासी. महाविद्यालये जून-जुलैत उघडतात. पहिले सत्र दिवाळीपर्यंत चालते. दिवाळीत तरुण मंडळी अस्तंब्याच्या यात्रेला जाऊन येतात आणि त्यानंतर धडगाव, अक्कलकुवा भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. कुटुंबाबरोबर कधी शिकणारी मुलेही जातात. जी मागे राहतात, त्यांच्या डोक्यावर परीक्षा असते. उन्हाळ्यात तापी खोऱ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पहाट सोडली तर मैदानावर उभेही राहवत नाही.

म्हणजे मुले हमखास हाताशी असतात ते चार महिने पावसाचे. खेळाडूच्या तयारीचा पाया नेमका याच काळात घालावा लागतो, कारण महाविद्यालयीन स्पर्धा, राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव आणि देशपातळीवरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा साधारणपणे त्यानंतर, हिवाळ्याच्या सुमारास येतात. आणि याच चार महिन्यांत आपले मैदान काय असते? काळ्या मातीचे मैदान भिजले की पायाला मणभर चिखल, वाळले की बोटभर भेगा. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू पाण्याने घट्ट बसते. अशा खड्ड्यात उडी मारणारा घोटा मुरगळून घरी जातो आणि पुन्हा येत नाही.

आपल्या डोंगरी भागातली मुले काटक असतात, असे आपण कौतुकाने म्हणतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक आणले. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खेड्यातून पुढे आलेली नावे घेतली, की बहुतेक लांब पल्ल्याची निघतात. लांब पळायला सुरुवातीला एक रस्ता पुरतो. शंभर मीटर, अडथळा शर्यत, उंच उडी, तिहेरी उडी यांना तसे चालत नाही. तिथे सपाट पृष्ठभाग, गादी, वाळूचा खड्डा आणि पाहणारा प्रशिक्षक लागतो.

नाशिकजवळच्या देवरगावचे सर्वेश कुशारे शाळेत असताना मक्याच्या भुशाने केलेल्या गादीवर उंच उडी शिकले. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत ते अंतिम फेरीत पोचले आणि सहावे आले. शाळेच्या शिक्षकांनी भुशाची का होईना, गादी करून दिली म्हणून ते शक्य झाले. आपल्या जिल्ह्यात उंच उडीचा गुण अंगी असलेली किती मुले केवळ गादीअभावी रस्त्यावर पळत असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

बंदिस्त मैदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बॅडमिंटनचे सभागृह येते. बॅडमिंटनचे कोर्ट साडेतेरा मीटरच्या आत संपते. धावणाऱ्याला तेवढ्यात वेग घेऊन थांबताही येत नाही. दुसऱ्या टोकाला, दोनशे मीटरची वर्तुळाकार धावपट्टी, कललेली वळणे आणि प्रेक्षागृह असलेली मोठी इमारत असते. बर्फाच्या देशांतल्या विद्यापीठांनी अशा इमारती बांधल्या. आपल्या देशातही भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियममध्ये अलीकडे तशी सोय झाली आहे. ती स्पर्धांसाठी योग्यच. पण आपल्याला हवी आहे ती सरावाची जागा. इंग्लंडमधल्या लाफबरो विद्यापीठातही सरावाच्या बंदिस्त इमारतीत गोल पट्टी नाही, सरळ धावमार्ग आणि उड्यांची सोय आहे.

आता हिशेब करू. बंदिस्त स्पर्धेतली वेगाची शर्यत साठ मीटरची असते. मागे तीन मीटर आणि पुढे थांबायला पंधरा मीटर धरले, की अठ्ठ्याहत्तर मीटर झाले. एका मार्गिकेची रुंदी १.२२ मीटर; सहा मार्गिकांना साडेसात मीटर पुरतात. बाजूला लांब उडीची चाळीस मीटरची धाव आणि खड्डा, एका कोपऱ्यात उंच उडीची गादी, दुसऱ्या टोकाला जाळी लावून गोळाफेक. शंभर मीटर लांब आणि वीस मीटर रुंद छपराखाली हे सगळे बसते. बाजार समितीच्या मोठ्या शेडसारखे बांधकाम. संगमरवर नको, काचा नकोत.

मात्र तीन गोष्टींत काटकसर करून चालणार नाही. पहिली, पाया. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. ती पुरेशी खोल काढून, मुरूम भरून, पाणी मारून दाबल्याशिवाय काँक्रीट टाकले, तर तडे जातात, आणि वर कितीही महागडे रबरी आच्छादन असले तरी ते फाटते. दुसरी, हवा. नुसता पत्रा उन्हाळ्यात भट्टी करतो. छप्पर उंच हवे, पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर हवा, कण्यापाशी गरम हवेला वाट हवी आणि बाजूंना भिंतीऐवजी जाळी व पावसाचा सडाका अडवणाऱ्या लांब पागोळ्या हव्यात. तिसरी, मुलींची सोय. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली आणि संध्याकाळी भरपूर उजेड. एवढे नसेल, तर निम्मे विद्यार्थी दाराबाहेरच राहिले असे समजा.

या छपराचा आणखी एक उपयोग आहे. दोन हजार चौरस मीटरवर वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस धरला, तर बारा लाख लिटर पाणी पडते. थोडे वाया गेले, तरी उरलेले विहिरीत किंवा टाकीत नेता येईल.

आता जागेचा प्रश्न. आपले विद्यापीठ १९९० साली जळगावला सुरू झाले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव अभिमानाने मिरवते. पण नंदुरबारहून जळगाव रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर, आणि धडगावच्या मुलीला आधी नंदुरबारच गाठायचे असते. मुख्य आवारात कितीही सोयी झाल्या, तरी रोजच्या सरावाला त्या तिच्या कामाच्या नाहीत. विद्यापीठाची आदिवासी अकादमी नंदुरबारलाच आहे. म्हणून हे छप्पर विद्यापीठाने इथे, नंदुरबारच्या आवारात बांधावे, असे माझे म्हणणे आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पोषण आणि शिक्षण यांचा पैसा वळवून छप्पर बांधा, असे कुणीही म्हणणार नाही. पण खेळासाठी म्हणून जो निधी येतो, तो कमानी आणि प्रेक्षागृहांवर जावा की सरावावर, हे तर ठरवता येते. शिवाय इथली असंख्य मुले पळतात ती पदकासाठी नव्हे, भरतीसाठी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक असते. २०२४ मध्ये ही भरती १९ जूनला सुरू झाली आणि पावसामुळे काही ठिकाणच्या चाचण्या पुढे ढकलाव्या लागल्या. लांबचे पळणे बाहेरच करावे लागेल. पण सुरुवातीचा वेग आणि गोळ्याचे तंत्र छपराखाली भर पावसात शिकता येते. ज्या घरात एका नोकरीने ऊसतोड थांबते, त्या घराला याचे मोल सांगावे लागत नाही.

बांधकामापेक्षा अवघड भाग पुढचा आहे. दार उघडण्याची वेळ पहाटे साडेपाचची हवी, कार्यालयाची नको. किल्ली प्रशिक्षकाकडे हवी. प्रशिक्षक वर्षभराचा हवा, स्पर्धेपुरता नको. आणि लग्नसमारंभाला, प्रदर्शनाला ही जागा द्यायची नाही, असा ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्यावा. कारण खुर्च्या-मंडपाचे लोखंड एकदा त्या रबरावरून ओढले, की दुरुस्तीला पुन्हा अनुदानाची वाट पाहावी लागते. विद्यापीठाच्या अधिसभेवर निवडून जाणाऱ्यांना या चार गोष्टी आपण आजपासूनच विचारायला हव्यात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)