पऱ्हाटीची गोळी आणि घरची चूल

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाची वेचणी संपत आली. आता बांधावर एक माणूस येईल. तो म्हणेल, "शेत साफ करून देतो, मजुरीचा एक पैसा नको, पऱ्हाटी तेवढी आमची." आपल्याला वाटते, बरे झाले, उपटायचा खर्च वाचला. उलट त्यालाच चहा पाजून आपण रवाना करतो. काही ठिकाणी तर आपणच काडी लावून मोकळे होतो.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा पुस्तकात पऱ्हाटीचे नाव होते 'पिकाचे अवशेष'. अवशेष म्हणजे उरलेसुरले. ज्या वस्तूला आपण उरलेसुरले म्हणतो तिचा भाव दुसरा कोणीतरी ठरवतो. गेल्या काही वर्षांत पऱ्हाटी गोळा करणारे ट्रॅक्टर वाढले आहेत. कोणी फुकटच्या कामासाठी ट्रॅक्टर पाठवत नाही, एवढे तरी आपण समजले पाहिजे.

आज बोलायचे आहे ते या पऱ्हाटीपासून होणाऱ्या जळाऊ गोळीविषयी. इंग्रजीत तिला पेलेट म्हणतात. जनावरांच्या गोळी पेंडीसारखीच दिसते. सहा-आठ मिलीमीटर जाड, बोटाच्या पेरापेक्षा लहान. या गोळीवर घरचे इंधन वाचते, असे सांगणारे आता गावोगाव फिरू लागले आहेत. त्यांचे खरे किती आणि खोटे किती, याचा हिशेब करू.

थंड मुलुखातली गोष्ट

ही गोळी जन्मली थंड देशांत. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि अमेरिका-युरोपातल्या लोकांना घर उबदार ठेवणे महाग पडू लागले. अमेरिकेच्या वायव्य भागात लाकूड कापणाऱ्या गिरण्या पुष्कळ. त्यांचा भुसा डोंगराएवढा साठे आणि मोठमोठ्या भट्ट्यांत नुसता जाळून टाकला जाई. त्या भुशाची दाबून गोळी केली, आणि १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत ती जाळणारी घरगुती शेगडी बाजारात आली. शेगडीला वर एक पेटी असते. तीत पोते रिकामे करायचे. आतला स्क्रू विजेवर फिरतो आणि मूठ-मूठ गोळी जाळात टाकत राहतो. पंखा हवा देतो, धूर नळीने बाहेर जातो. माणूस रात्रभर झोपला तरी घर ऊबदार.

दोन किलो गोळी म्हणजे उष्णतेच्या हिशेबात साधारण एक लिटर तेल. भुसा जवळजवळ फुकट होता तोवर लोकांचा खरोखर फायदा झाला. इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वीडन या देशांत लाखो घरांत गोळी आली.

पण पुढचे ऐका. भुशाला गिऱ्हाईक मिळाले तसा भुसा फुकट राहिला नाही. २००६ साली ऑस्ट्रियात गोळीचे भाव एकाएकी चढले. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाले, युरोपने रशियाची गोळी घेणे बंद केले, आणि जर्मनीत भाव वर्षभरात दुपटीच्याही वर गेला. तेलाच्या सौदागरापासून सुटायला ज्यांनी शेगडी घेतली, ते गोळीच्या सौदागराच्या हाती सापडले. शेगडी एकच खाणे खाते. ते खाणे ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपली चूल.

त्याच ऑस्ट्रियात दुसरेही घडले. ज्या शेतकऱ्याचे स्वतःचे रान आहे तो गोळी विकत घेत बसला नाही. तो आपले ओंडके किंवा लाकडाचे तुकडे जाळतो. आणि कितीतरी गावांत शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सामाईक भट्टी घातली, जमिनीखालून गरम पाण्याचे नळ नेले, आणि शेजारच्या घरांना, शाळेला मीटर लावून ऊब विकली. लाकूड विकले असते तर व्यापाऱ्याने सांगितलेला भाव मिळाला असता.

आपल्याकडचा अनुभव

आपल्याला घर तापवायचे नाही. आपल्याला भाकरी भाजायची आहे आणि हिवाळ्यात आंघोळीचा बंब पेटवायचा आहे. पण गोळीची शेगडी आपल्याकडेही येऊन गेली. २००६ च्या सुमारास एका परदेशी तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची लहान शेगडी काढली. तळाशी पंखा, तो बॅटरीवर चाले. पुढे हा धंदा पुण्याच्या कंपनीकडे गेला. महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून चार लाखांवर शेगड्या खपल्या. शेगडी वाईट नव्हती. धूर कमी, जाळ निळसर, स्वयंपाक झटपट. गोळी मुख्यतः उसाच्या चिपाडाची. पुढे चिपाडाला कारखान्यांतूनच मागणी आली, चिपाड महागले, त्याबरोबर गोळी महागली, आणि घरोघरच्या बायांनी शेगडी बाजूला ठेवली. कंपनीने आपला मोर्चा हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळवला.

आमच्याही घरी पंख्याची एक शेगडी होती. कुठल्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही. दोन महिने घरात कौतुक झाले. तिसऱ्या महिन्यात दुकानदार म्हणाला, "साहेब, गोळीची पोती आली नाहीत." आमच्या घरामागे दोन गाड्या पऱ्हाटी रचलेली आणि आम्ही गोळीसाठी तालुक्याला खेपा घालतो! शेवटी आमच्या आईने त्या शेगडीत लसूण भरून ठेवला. शेतीची पदवी आमच्याकडे होती, हिशेब आईला कळला.

हिशेब

आता आकडे. कागद-पेन्सिल असेल तर काढा.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. किलोला अकरा हजार किलोकॅलरी. शेगडीवर त्यातली साधारण ६५ टक्के उष्णता भांड्याला लागते. म्हणजे एका सिलिंडरमधून भांड्याला मिळते एक लाख किलोकॅलरी.

वाळलेल्या पऱ्हाटीत किलोला सुमारे चार हजार किलोकॅलरी. उष्णता पुष्कळ आहे, ती जाते कुठे हा प्रश्न आहे.

आपल्या तीन दगडांच्या चुलीत भांड्याला लागते जेमतेम दहा टक्के. बाकीची उष्णता भिंतीला, छपराला, आणि धूर माऊलीच्या डोळ्यांना. एका सिलिंडरचे काम करायला अशा चुलीत अडीचशे किलो पऱ्हाटी लागते.

सुधारित चूल, विनापंख्याची. भारतीय मानक संस्थेच्या नियमाप्रमाणे तिने किमान २५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे. तीत शंभर किलो पऱ्हाटी पुरते.

पंख्याची शेगडी. मानक किमान ३५ टक्के. तीत बहात्तर किलो गोळी.

हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत, घरात थोडे खाली येतील. पण तिन्हींची तुलना पाहा. अडीचशेवरून शंभरावर आलो तो फायदा चूल बदलल्याचा. त्याला ना गिरणी लागली, ना वीज, ना व्यापारी. फक्त पऱ्हाटीचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून ते कडकडीत वाळवायचे. शंभरावरून बहात्तरवर आलो तो फायदा पंख्याचा आणि गोळीचा, आणि त्यासाठी आधी पऱ्हाटी वाळवा, दळा, यंत्रात दाबा. टनामागे शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त युनिट वीज, वर वाहतूक, वर पोते, वर दुकानदाराचा नफा.

मग गोळी हवी कशाला? गोळीचे खरे मोल वाहतुकीत आणि साठवणीत आहे. मोकळी पऱ्हाटी गाडीत भरली तर ढीग मोठा आणि वजन थोडे. घनमीटरला शंभर किलोही भरत नाही. गोळी भरते सहाशेच्या वर. शहरातल्या भटारखान्याला, कारखान्याच्या बॉयलरला, वीज केंद्राला पऱ्हाटी पाठवायची तर गोळी किंवा गट्टू, ज्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, केल्यावाचून परवडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात असे: तुकडा घरासाठी, गोळी दूरच्या गिऱ्हाइकासाठी. घरच्या चुलीसाठी आपलीच पऱ्हाटी देऊन तिचीच गोळी विकत आणणे म्हणजे घरचा कापूस देऊन पैरण विकत घेण्याचाच प्रकार.

एका एकराचे मोल

कोरडवाहू कपाशीत एकरी आठ-दहा क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. घराला वर्षाला आठ सिलिंडर लागतात असे धरा. सुधारित चुलीत आठशे किलो तुकडे लागले. म्हणजे एका एकराची पऱ्हाटी म्हणजे एका घराचा वर्षाचा स्वयंपाक. तीच पऱ्हाटी जुन्या चुलीत घातली तर तीन-चार सिलिंडरचे काम होते. आणि बांधावरच्या माणसाला दिली तर एक कप चहा.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर सिलिंडर आला. चांगले झाले. पण दुसऱ्यांदा भरताना हात आखडतो, आणि माऊली पुन्हा धुरात बसते. गॅस सोडा असे आम्ही म्हणत नाही. सकाळच्या घाईला, आजारपणाला, पावसाळ्याला गॅस असू द्या. बंब, डाळ, जनावरांचे आंबोण हे पऱ्हाटीवर न्या. चूल मात्र बदला, आणि ती पेटवा हवेशीर जागी. धूर दिसत नाही म्हणजे विषारी वायू नाही असे समजू नका.

विकायची तर कशी?

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने कोळशाच्या वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के पिकांच्या काडीची गोळी मिसळण्याचे बंधन घातले. वेळापत्रक नंतर पुढे सरकवले, पण मागणी उभी राहिली आहे. बांधावरच्या माणसाचे रहस्य इथे आहे. देशात दरवर्षी अडीच-तीन कोटी टन पऱ्हाटी निघते आणि आपला विदर्भ-मराठवाडा त्यात मोठा वाटेकरी आहे.

भाव कसा काढायचा? उलटा काढायचा. गोळीला कारखान्याच्या दारात जो भाव मिळतो त्यातून दाबण्याचा खर्च, वाहतूक, वाळवणीतली तूट आणि गिरणीवाल्याचा वाजवी नफा वजा करा. उरले ते शेतातल्या काडीचे मोल. त्यातून आपली उपटणी वजा करा. बाकी शून्याच्या वर असेल तर ती आपली आहे. हे आकडे व्यापाऱ्याला तोंडपाठ असतात. आपणही ते विचारले पाहिजेत.

गावच्या गटाने गिरणी घालावी का, असे बरेच जण विचारतात. घाई करू नका. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या केंद्रात पऱ्हाटीपासून गट्टू आणि गोळी करण्याचे काम झाले आहे. आधी ते पाहा. पऱ्हाटीत राख तीन ते पाच टक्के, लाकडाच्या भुशात त्याच्या कितीतरी कमी. त्यामुळे परदेशी बनावटीची शेगडी पऱ्हाटीच्या गोळीने तुंबते, जाळात राखेचे खडे होतात. गिऱ्हाईक कोण, त्याला कसला माल चालतो, हे लिहून घेतल्याशिवाय कर्ज काढू नका. तूर्तास पऱ्हाटीचे तुकडे करणारे एक यंत्र चार-सहा घरांनी मिळून भाड्याने आणले तरी निम्मे काम होते. घरची चूल भागते आणि तुकड्यांना गिऱ्हाईकही मिळते.

रानाचा वाटा

शेतीचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सगळी पऱ्हाटी रानाबाहेर काढू नका. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच तुटपुंजा. घरापुरत्या एकराची काडी आणा, उरलेल्यातली निदान काही रानातच बारीक करून मातीत घाला. पाला-पाती तर तिथेच पडू द्या. चुलीची राख उकिरड्यावर फेकू नका. आठशे किलोमागे तीस-चाळीस किलो राख निघते, तिच्यात पालाश आहे, ती रानात परत न्या. आणि ज्वारीचा कडबा कोणी मागायला आला तर त्याला बैल दाखवा. कडबा जाळायची वस्तू नाही.

दुसरे, फरदड ठेवू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते आपण विसरलो नाही. उभ्या पऱ्हाटीत आणि बांधावर रचलेल्या अख्ख्या ढिगात अळीला घर मिळते. डिसेंबर अखेर उपटा, लगेच तुकडे करा. अळीही मेली, जळतणही तयार.

तर आज उठण्यापूर्वी प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून द्याव्यात. गावात किती एकर पऱ्हाटी, घरोघर किती सिलिंडर, आणि गेल्या वर्षी पऱ्हाटी कोणी, किती रुपयांना नेली. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य येईल. पुढच्या बैठकीला ते शून्य राहू नये. बांधावरचा माणूस आला की त्याला चहा जरूर पाजा, पण कप हातात देताना भाव विचारा.