चाळिशीतले विद्यार्थीपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शिक्षणाच्या अर्थकारणावर बोलावे, अशी आपली सूचना होती. त्यातला एक लहानसा कोपराच मी निवडला आहे. तारुण्याचा पहिला भर ओसरल्यावर, पाठीशी संसार आणि नोकरी असताना, परदेशी विद्यापीठात विद्यार्थी म्हणून जाणे. हा मूठभरांचा प्रश्न आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. तो मूठभरांचाच का राहिला, हे मला सांगायचे आहे.

१९९८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी हेग येथील इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज या संस्थेत शिकायला गेलो. डच विद्यापीठांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत विकसनशील देशांतली अनुभवी माणसे येत. माझ्या वर्गात टांझानियाचा एक सहकारी चळवळीतला कार्यकर्ता होता, फिलिपिन्समधली एक सरकारी अधिकारी होती. पंधरा वर्षे मी फळ्यावर विकासाचे अर्थशास्त्र शिकवीत होतो. तिथे प्रथम मला कोणीतरी विचारले, की तुमच्या तालुक्यात सोसायटीचे कर्ज नेमके कोणाला मिळते? मला उत्तर देता आले नाही. टांझानियाच्या त्या मित्राला त्याच्या जिल्ह्याचे उत्तर ठाऊक होते. शिकण्यासाठी आलेल्या प्राध्यापकाला याहून मोठा धडा कोणता मिळणार!

जाता जाता सांगतो, तूरडाळ मिळे ती सुरीनामी हिंदुस्थानी माणसाच्या दुकानात. १८७३ पासून मुदतबंद मजूर म्हणून ज्यांना सुरीनामला नेले, त्यांचे हे वंशज. सुरीनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांतले अनेक हॉलंडला आले. स्थलांतराचा अभ्यास मी ग्रंथालयात जेवढा केला, त्याहून त्या दुकानाच्या रांगेत थोडा अधिकच झाला असेल.

पण या शिक्षणाची किंमत कोणी मोजली? शिष्यवृत्ती डच सरकारची होती, आणि माझा तिकडचा खर्च तीत भागे. इकडे माझ्या शिक्षणसंस्थेने बिनपगारी रजा दिली आणि परतल्यावर तो काळ सेवेतला खंड ठरवला. वेतनवाढ मागे गेली ती निवृत्तीपर्यंत भरून निघाली नाही. घर चालले ते पत्नीच्या शाळेतल्या पगारावर. वडिलांचे आजारपण, मुलीचे पाचवीचे वर्ष, घराचे हप्ते, सारे तिनेच निभावले. त्या वर्षी तिला एम.एड.चा अर्ज भरायचा होता, आणि तो तिने भरला नाही, हे मला परतल्यावर दोन वर्षांनी, तेही तिच्या मैत्रिणीकडून कळले. अर्थशास्त्रात याला संधित्याग खर्च म्हणतात. पाठ्यपुस्तकात तो खर्च निर्णय घेणाराच सोसतो, असे गृहीत धरलेले असते.

आपल्याकडे या विषयाचा मोठा दाखला बाबासाहेब आंबेडकरांचा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची त्यात भर पडली. १९२० मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, ते पुन्हा लंडनला गेले. परळच्या चाळीतले घर रमाबाईंनी सांभाळले. आपण भाषणांतून त्यांच्या जिद्दीचे गुणगान करतो, ते योग्यच आहे. परंतु लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती, ही गोष्ट आपण विसरतो. खंड हा अपराध मानला गेला नाही, म्हणून जिद्दीला वाट मिळाली.

आता आजची व्यवस्था पाहा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीला वयोमर्यादा ३५ वर्षे. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला पदव्युत्तर शिक्षणासाठी ३५ आणि पीएच.डी.साठी ४०. ज्या घरात पहिली पदवीच उशिरा येते, धाकट्या भावंडांची शिक्षणे आधी उरकावी लागतात, त्या घरातल्या माणसाचे पस्तिसावे वर्ष आणि सुखवस्तू घरातल्याचे पस्तिसावे वर्ष सारखे नव्हे. त्यात २०२२ साली केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळण्यात आले. जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध आंबेडकरांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाचला, याचे स्मरण नियम करणाऱ्यांना नसावे.

शिष्यवृत्ती नाही, तर कर्ज. साडेसात लाखांपुढे बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. ज्याच्यापाशी घर वा जमीन नाही, त्याने काय ठेवावे? जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. पण परवान्यासाठी वर्षाच्या निर्वाहाची तजवीज दाखवावी लागते, २०२४ मध्ये ती रक्कम ११,९०४ युरो झाली. आणि तिशी ओलांडली की विद्यार्थ्यांचा सवलतीचा सार्वजनिक आरोग्यविमा सहसा मिळत नाही. वयाचा दंड तिथेही आहेच.

शिकून परत न येणाऱ्यांवर आपल्यात पुष्कळ टीका होते. मी ती करणार नाही. घर गहाण टाकून गेलेल्या माणसाने परकीय चलनातच कर्ज फेडायचे ठरवले, तर त्यात देशद्रोह शोधणे मला ढोंग वाटते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्ये पगारी शैक्षणिक रजेसंबंधी १४० क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही, आणि आपल्या कामगार संघटनांनीही हा प्रश्न कधी नेटाने लावून धरला नाही, हे कबूल केले पाहिजे. शिष्यवृत्त्यांची वयोमर्यादा पहिल्या पिढीच्या पदवीधरांसाठी शिथिल करावी, शैक्षणिक रजा सेवाखंड मानू नये, आणि मागे राहिलेल्या कुटुंबासाठी निर्वाहभत्ता असावा, अशा तीन सूचना मी लेखी दिल्या आहेत. तिसरीला खर्चाचा आक्षेप येईल. आकडेमोड सोबत आहे. तेथूनच चर्चा सुरू करू.