यंत्रापूर्वीची आखणी



आपला यवतमाळ जिल्हा सागाचा, आणि आपल्या घरांत रंधा व पटाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आता आपली काही मुले हौसेखातर लहानसे सीएनसी यंत्र आणू लागली आहेत आणि ‘आरंभी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ असे आम्हांस विचारतात.

यंत्रास स्वतःची बुद्धी नसते. संगणकावर आधी आकृती काढावयाची, मग पाते कोठून व किती खोल जावे हे ठरवावयाचे. त्या आज्ञांच्या यादीस जी-कोड म्हणतात. ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतील असे साधन नवशिक्याने घ्यावे, असे जाणकार सांगतात, व ते सामान्यतः योग्यच आहे. ईझल त्या जातीचे. सोपे, परंतु त्यास इंटरनेट हवे. व्हीकार्व्ह कोरीव कामास उत्तम, पण विकतचे. फ्यूजन घरगुती हौसेपुरतेच विनामूल्य. फ्रीकॅडला काहीच मोल पडत नाही. २०२४ साली त्याची १.० आवृत्ती निघाली. मात्र ते शिकण्यास चिकाटी लागते.

आमची कसोटी थोडी निराळी आहे. मुलांचे पहिले काम बहुधा दारावरील पाटी किंवा देव्हाऱ्यावरील अक्षरे हेच असते. म्हणून प्रथम ‘विश्वकर्मा’ हा शब्द लिहून पाहावा. त्यात पहिली वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, रफारही आहे. काही साधनांत वेलांटी ‘व’च्या आधी न बसता नंतर बसते आणि ‘श्व’ फुटतो. आराध्यदैवताचेच नाव असे मोडून कोरले गेले म्हणजे फळी वाया गेलीच, वर घरच्यांची बोलणी निराळी!

इंकस्केपमध्ये ही अक्षरे नीट उमटतात. ते विनामूल्य असून इंटरनेटवाचून चालते. अक्षरे लिहून त्यांचे ‘पाथ’ करावे. मग त्या नुसत्या रेषा उरतात व एसव्हीजी फाईल ईझलमध्ये नेली तरी बिघडत नाहीत. तत्पूर्वी ‘युनियन’ अवश्य करावे, कारण शिरोरेषेपाशी अक्षरांच्या कडा एकमेकींवर चढतात आणि पाते अक्षराच्या पोटातूनच रेघ ओढते. दोन साधने शिकावी लागतात खरी, पण देवनागरीसाठी एवढे कष्ट आम्हांस जड वाटत नाहीत.

६ मिलिमीटरचे गोल सरळ पाते आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडते. तेथे वडीलधाऱ्यांनी पटाशी घेऊन मुलाशेजारी बसावे. पहिली पाटी मात्र सागावर नको. एमडीएफचा तुकडा पुरे.