रोजाचा प्रचारक आणि आपला माणूस
(चवदार तळ्याच्या काठी, महाड येथे केलेले भाषण)



निवडणूक आली की आमच्या वस्तीत दोन तऱ्हेची माणसे दार ठोठावतात. एक रोजावर आलेला, दुसरा आपखुशीने आलेला. हातातली पत्रके तीच, घोषणाही तीच. मग फरक काय? तेवढेच आज बोलायचे आहे.

या तळ्याकडे पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली पास झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली ठराव केला. पण कागदाने कुणाची तहान भागते काय? आर. बी. मोरे आणि त्यांचे सोबती हिंडले, लोकांना परिषदेचे बोलावणे दिले. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे इथे पाणी प्याली. त्या परिषदेसाठी पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते. माणसे विकत घ्यावी लागली नाहीत! त्या दिवशी त्यांना मार बसला, तरी त्याच साली डिसेंबरात हजारो पुन्हा महाडात हजर. रोजावर आणलेला मार खायला दुसऱ्यांदा येईल काय?

आता आमच्या गिरणगावाचे घ्या. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीपाशी थैल्या नव्हत्या. पाळी सुटली की कामगार चाळी पालथ्या घालीत. मध्य मुंबईतून डांगे लोकसभेत गेले, दादरमधून अत्रे विधानसभेत. आणि मतदान संपले म्हणून माणसे घरी बसली नाहीत. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा त्यांना काळी निशाणे दाखवायला हजारो लोक उभे राहिले. तो गड आपल्या पोलादपूरच्या डोक्यावरच आहे.

पण जुनी थोरवी गाऊन चूल पेटत नाही. आम्ही सूतगिरणीत राबणारी माणसे. दोन दिवस खाडा केला तर पगार कापला जातो, आणि बदली कामगाराला तर हजेरी नाही म्हणजे काहीच नाही. तेव्हा पुढारी मोटारीत बसणार आणि ‘कार्यकर्त्याने त्याग करावा’ म्हणून आम्हांला सांगणार, हे चालायचे नाही. आणि बेकारीपायी जो पोरगा रोजावर पत्रके वाटतो, त्यालाही हिणवू नका. घाम त्याचाही आहे. त्याची मजुरी उमेदवाराने द्यावी आणि ती निवडणूक खर्चात दाखवावी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. चोरी तिथे होते, जिथे भाड्याचा माणूस स्वयंसेवक म्हणून उभा केला जातो आणि त्याची मजुरी हिशेबातून गायब होते. मतदाराला पैसे देणे ही तर सरळ लाच आहे, कायद्याने गुन्हा आहे.

खरा फरक मतदानाच्या दुसऱ्या दिवशी कळतो. रोजाचा माणूस निघून जातो. तुम्ही त्याला विचारलेले ‘घराचे काय? पाण्याचे काय?’ त्याच्याबरोबरच जाते. आपला माणूस मात्र त्याच नळावर भेटतो, त्याच पाळीला येतो. त्याला लोक अडवून विचारतात, ‘काय हो, त्या दिवशी काय बोलला होता?’ म्हणून तो खोटे बोलायला कचरतो आणि लोकांचे म्हणणे वर पोचवतो.

तेव्हा आमचे म्हणणे ऐका. एकेकाने आपल्या चाळीतली वीस घरे वाटून घ्यावीत. पाळीनंतर दोन तास पुरेत, खाडा नको. चहाचा आणि गाडीभाड्याचा खर्च वर्गणीतून व्हावा, आणि त्याचा हिशेब भिंतीवर लावावा. घरोघर ऐकलेल्या तक्रारी वहीत उतराव्यात. निवडून आल्यावर उमेदवाराला ती वही घेऊन जाब विचारावा. न आला तर ती वही युनियनच्या कामाला येईल.

थैलीवाल्याला माणसे रोजावर मिळतील. आमच्या वीस घरांचा भरवसा त्याला बाजारात मिळायचा नाही.

चला, आजच घरे वाटून घ्या!