बारामती ते बारामुल्ला : सहा जण, सहा बोर्ड आणि एक 'नाही'

हेडफोन लावलाय ना? एसटीत असाल तर स्पीकरवर ऐकू नका, शेजारच्या काकांना झोपू द्या.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी व्हॉइस नोट पाठवली की दादा, ते बर्फाचं कधी सांगणार? तर आज सांगतो. सगळं सांगतो, माझी चूक पण. जे फोटो इन्स्टावर टाकले त्यात ती कुठंच दिसत नाही.

आधी जागेचा हिशोब करू. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. आणि काश्मीरमधल्या गुलमर्गचं नुसतं मैदानच साधारण २,६५० मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक हजार मीटर चढा, तिथं गुलमर्गचा बाजार सुरू होतो. आणि जिल्हा कुठला? बारामुल्ला. आमच्या ग्रुपचं नाव तिथंच ठरलं, 'बारामती ते बारामुल्ला'. ॲडमिन मी. हे ॲडमिनपद लक्षात ठेवा, पुढं त्याचा विषय आहे.

आम्ही सहा जण. मी एमआयडीसीत कामाला. माझा मावसभाऊ भिगवणचा, घरचा मासळीचा धंदा. इंदापूरचे दोघं बहीणभाऊ, बहीण खो-खो खेळलेली. आणि साखर कारखान्यातले दोन मित्र, एक फिटर आणि एक लॅबमधला. यातल्या दोघांनी आधी मनालीजवळ सोलंगला तासभर बोर्ड पायाला बांधून बघितला होता. बाकीच्यांनी बर्फ फक्त उसाच्या रसात बघितलेला.

मग प्रॅक्टिस कुठं केली? घराच्या गच्चीवर. पाण्याच्या लाइनचा जाड पाइप, त्यावर फळी, फळीवर उभं राहून तोल सांभाळायचा. आमचे आबा रोज संध्याकाळी चहा घेऊन बघायला यायचे. म्हणायचे, "आरं, सर्कशीत चाललाय का काश्मीरला?"

स्नोबोर्डिंग म्हणजे काय ते पटकन सांगतो. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात काठ्या. स्नोबोर्डला दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, काठ्या नाहीत, आणि आडवं उभं राहून घसरायचं. डावा पाय पुढं असेल तर त्याला 'रेग्युलर' म्हणतात, उजवा पुढं असेल तर 'गुफी'. हा खेळ १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे.

तर तारीख, ८ फेब्रुवारी २०२४. दौंडवरून झेलम एक्सप्रेस. दोन रात्री स्लीपरमध्ये. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, धपाटे, सगळं सोबत. जम्मूला उतरलो, गाडी केली, बोगद्यामागून बोगदे ओलांडत रात्री उशिरा श्रीनगर. दुसऱ्या दिवशी टंगमर्ग. तिथून गुलमर्ग १३ किलोमीटर, सगळा घाट. बर्फ असला की साधी गाडी तिथंच थांबते, पुढं टायरला साखळ्या लावलेल्या गाड्या. या टंगमर्ग भागातलाच आरिफ खान. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून गेलेला तो एकटा खेळाडू. एवढ्या मोठ्या देशातून एकच, आणि तो या घाटाच्या पायथ्याचा.

पहिला धक्का मोबाइलचा. ऐका, कामाची गोष्ट आहे. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. आमच्या सहा जणांत पोस्टपेड एकच, फिटरचं. मग रोज रात्री आठ ते नऊ सहा घरचे फोन त्या एका फोनवर. भिगवणची मावशी रोज एकच विचारायची, "पोरगं जेवलं का? आणि उंचावर नेऊ नको हां त्याला." मी म्हणायचो, "नाय नेत मावशी, काळजी करू नका." हे पण लक्षात ठेवा.

पहिले दोन दिवस आम्ही फक्त पडलो. खोटं नाही सांगत, मोजून बघा म्हटलं तर मोजणारा पण पडलेला. आमचे शिकवणारे उस्ताद तिथलेच, पन्नाशीचे. फेरनच्या आत कांगडी धरून उभे राहायचे आणि शांतपणे सांगायचे. उभं राहायला शिकवायच्या आधी त्यांनी पडायला शिकवलं. नवीन माणूस पडताना हात पुढं टाकतो आणि मनगट मोडून घेतो. स्नोबोर्डवर नवख्यांना सगळ्यात जास्त दुखापत मनगटालाच होते. म्हणून मुठी आवळायच्या आणि कोपरापासूनच्या हातावर पडायचं. मागं पडताना हनुवटी छातीला लावायची. आमच्या लॅबवाल्यानं हे ऐकलं नाही, त्याचं मनगट सुजलं. बाकीचे दिवस तो आमचा कॅमेरामन.

तिसऱ्या दिवशी काहीतरी जमलं. टाचेच्या कडेवर भार टाकायचा, बोर्ड आडवा धरायचा आणि झाडाचं पान जसं डुलत डुलत खाली येतं तसं डावीकडं, उजवीकडं करत उतरायचं. इंदापूरची आमची खो-खोवाली सगळ्यात आधी वळायला शिकली. आम्ही पोरं अजून बर्फ चाटत होतो आणि ती वळणं घेत खाली. तिचा भाऊ म्हणाला, "लका, घरी सांगू नका, माझी इज्जत जाईल."

आता खरा विषय.

गुलमर्गला गोंडोला आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,०८० मीटर. दुसरा टप्पा अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी. दहा पावलं चाललं की ऊस तोडून आल्यासारखं धापतो माणूस. जगभरातले बोर्डवाले गुलमर्गला येतात ते या अफरवाटसाठी. वरून सुटायचं आणि ताज्या, न तुडवलेल्या बर्फातून खाली यायचं. यूट्यूबवर आम्ही सहा महिने तेच बघत होतो.

चौथ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, स्वच्छ ऊन. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी एक जण भेटला. म्हणाला, रोख पैसे द्या, मी तुम्हाला बाजूच्या उतारावरून आणतो, तिथं गर्दी नाही. आम्ही मतदान घेतलं. चार विरुद्ध दोन. विरोधात खो-खोवाली आणि तिचा भाऊ. भावाचं कारण 'माझे गुडघे गेलेत'. ती एवढंच म्हणाली, "दादा, आपल्याला अजून नीट थांबता येत नाही." मी म्हटलं, बहुमत आहे. ॲडमिन ना मी.

सकाळी बोर्ड आणायला गेलो. बोर्ड उस्तादांनी त्यांच्या नावावर भाड्यानं घेऊन दिलेले. ते दुकानाच्या पायरीवर बसलेले, सहा बोर्ड आत. आम्ही सांगितलं कुठं चाललोय. ते म्हणाले, "नहीं जनाब. बोर्ड नहीं मिलेगा."

मला राग आला. इथं लाज वाटते सांगायला, पण सांगतो. मी म्हटलं, पैसे आम्ही दिलेत. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, आणि मी चार पोरांसमोर त्याला पैसे दाखवतोय.

ते भांडले नाहीत. उठले, फावडं घेतलं, आम्हाला उताराच्या कडेला नेलं आणि बर्फात कमरेएवढा उभा खड्डा काढला. त्याच्या भिंतीत थर दिसत होते, आपल्याकडं विहीर खणताना दिसतात तसे. वरचा थर घट्ट, हातानं ठोकला तर वाजेल असा. आणि खाली तळाशी मोठे मोठे मोकळे दाणे. त्यांनी ओंजळीत घेतले आणि बोटांतून सोडले. सरसर खाली. म्हणाले, याला स्कीवाले 'शुगर स्नो' म्हणतात.

आम्ही सहाही जण एकमेकांकडं बघायला लागलो. साखर! खो-खोवाली म्हणाली, "ही तर आपल्या भवानीनगरची." फिटर आणि लॅबवाला, दोघांचं आयुष्य साखरेत चाललंय. त्यांना पुढचं समजावून सांगायची गरजच नव्हती.

तरी तुम्हाला सांगतो. २०२४ चा जानेवारी काश्मीरमध्ये जवळजवळ कोरडा गेला होता, गुलमर्गचे उतार उघडे पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. बर्फ आला तो महिना संपता संपता. आता थर पातळ असला आणि थंडी कडक असली की जमिनीकडून उबदार वाफ वर सरकते आणि तळाच्या बर्फाचे दाणे मोठे, टोकदार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवीन बर्फ पडून घट्ट लादी बसली की समजा, साखरेच्या ढिगावर फरशी ठेवली. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर एका माणसाच्या वजनानं पण ती फरशी सुटू शकते. आणि नेमका तोच उतार बोर्डवाल्याला सगळ्यात आवडतो.

मग ते म्हणाले, मागच्या वर्षी १ फेब्रुवारीला इथंच अफरवाटवर दोन पोलंडचे स्कीवाले गेले. ते तुमच्यासारखे चार दिवसांचे नव्हते.

आम्ही गप्प. बोर्ड न घेता तिकीट काढून गोंडोलानं वर गेलो, वरून डोंगर बघितले, गोंडोलानंच खाली आलो. मी दिवसभर तोंड पाडून होतो. १६ ला निघालो तेव्हा सगळे उस्तादांच्या पाया पडले. मी नुसता हात मिळवला.

१९ तारखेला दौंडला उतरलो, दुसऱ्या दिवशी कामावर. २२ फेब्रुवारी, गुरुवार. कॅन्टीनमध्ये जेवत होतो आणि ग्रुपवर बातमी आली. कोंगडोरीच्या वरच्या उतारावर हिमस्खलन. परदेशी स्कीवाल्यांचा गट अडकला, एका रशियन स्कीवाल्याचा मृत्यू, बाकीच्यांना वाचवलं. बातमी मावसभावानं टाकली होती. खाली त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. कुणीच काही लिहिलं नाही.

तो उतार तोच होता का? नाही, मला माहीत आहे की आमची जागा वेगळी होती, दिवस वेगळा होता. आम्ही गेलो असतो तर कदाचित काहीच झालं नसतं. आणि काहीच झालं नसतं तर मी आयुष्यभर सांगत फिरलो असतो की लोक उगाच घाबरवतात. मला भीती त्याचीच वाटते.

संध्याकाळी उस्तादांना फोन केला. म्हटलं, भाईजान, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. ते म्हणाले, कोई बात नहीं, सगळे बोलतात. पुढच्या वर्षी या, पण आठ दिवस काढून या.

तीन महिन्यांनी, २१ मे २०२४ ला, आपल्या उजनीत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. कुगाव ते कळाशी होडी, अचानक वादळी वारा, सहा जीव गेले. मी कुणाला दोष देत नाहीये. ती रोजच्या जाण्यायेण्याची वाट होती. पण त्या रात्री भिगवणची मावशी फोनवर मावसभावाला म्हणाली, "पाण्याला आणि डोंगराला कुणीतरी नाही म्हणणारा लागतो रे." आणि मला एकदम आठवलं की या मावशीला मी रोज रात्री फोनवर शब्द देत होतो, उंचावर नेणार नाही म्हणून. आणि मत मात्र कुणाच्या बाजूनं दिलं होतं?

तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरला जाते, रिंगण आपण लहानपणापासून बघतोय. चोपदारानं दंड वर केला की हजारो माणसं एका क्षणात शांत. कुणी म्हणत नाही की बहुमत घ्या. आमच्या सहा जणांच्या दिंडीत चोपदार नव्हता. होता फक्त ॲडमिन.

तर आता आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे. उंची, पाणी, वेग, या तीन गोष्टींत मतदान नाही. सहातल्या एकानं 'नाही' म्हटलं की सगळ्यांचं नाही. कारण विचारायचं नाही, चिडवायचं नाही. 'गुडघे गेलेत' एवढं कारण पण पुरे.

जाणाऱ्यांसाठी पटकन चार गोष्टी. पोस्टपेड सिम किमान दोघांकडं ठेवा. पहिला दिवस उंचीची सवय व्हायला मोकळा सोडा. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट भाड्यानं मिळत असेल तर कंजुषी करू नका. आणि तारखा लवचिक ठेवा, कारण बर्फ आपल्या रजेप्रमाणे पडत नाही. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या गुलमर्गच्या स्पर्धासुद्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आणि जायच्या आधी तिथली परिस्थिती, हवामान आणि हिमस्खलनाचा इशारा बघूनच गाडीत बसा.

आमचं ठरलंय, परत जाणार. आठ दिवस काढून. खो-खोवाली आता ॲडमिन आहे, मी साधा मेंबर. गच्चीवर फळी परत निघालीये आणि आबा चहा घेऊन परत बसलेत.

तुमच्या आयुष्यात असा कुणी 'नाही' म्हणणारा भेटला असेल, ज्याच्यावर तेव्हा तुम्ही चिडलात, तर त्याची गोष्ट व्हॉइस नोटवर पाठवा. दोन मिनिटांत बसवा, नावं घेऊ नका. पुढच्या भागात ऐकू.

चला, सांभाळून राहा. भेटू!